गिरजाबाईंचा चुकलेला अंदाज

गिरजाबाई, तुम्ही गेल्याला महिना होत आला आणि चंद्रपुरात भेटेल तो मला एकच विचारतो, "हवेनंच गेल्या ना हो?" ज्या बाईनं इतकी वर्षं शाळेच्या फाटकावर रोज हवेचा अंदाज लिहिला, तिचं मरणसुद्धा हवेच्याच माथी मारावं असं लोकांना वाटतं. मी सांगते, हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं. पण विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. तुम्ही असतात तर त्याला तिथंच थांबवलं असतं. "एका माणसावरून कसं सांगता येईन बाप्पा? हजार माणसं पाहा, मंग बोला." स्वतःच्या मरणाबद्दलही तुम्ही याहून जास्त काही बोलला नसतात, याची मला खात्री आहे.

मी या शाळेत खो-खो शिकवायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तुमचा फळा पाहिला. बाकीच्या शाळांच्या फाटकावर सुविचार असतो. आपल्या फाटकावर लिहिलेलं होतं: आजची हवा मध्यम. कशामुळे: धूळ. आज दुपारी ओझोन: वाढेल. कालचा अंदाज: चूक.

ते शेवटचं वाचून मला हसू आलं. एखादी शिक्षिका स्वतःची चूक रोज फाटकावर टांगते, हे मी कुठं पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनीही तुम्हाला सुरुवातीला विचारलं होतं म्हणे, "बाई, सुविचार कुठी गेला?" आणि तुम्ही म्हणालात, "हाच हाय सर. वाचून पोट्टी तोंडाले रुमाल बांधते. सुविचार वाचून कोनी काही बांधते का?"

तुम्ही जिवतीच्या डोंगरातल्या, मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली. माझे वडील फॅक्टरीत होते, कॉलनीत साऱ्या मुलखाची माणसं, त्यामुळे माझी मराठी पुस्तकातली. तुम्ही हसायचात. "अर्चना, तू बोलते तं मले वाटते रेडिओ लावला." तुम्ही विज्ञान शिकवायचात, मी मैदानावर. तरी हवेचं जे काही मला कळतं ते सगळं तुम्ही स्टाफरूममध्ये डबा खाता खाता शिकवलंत.

मला वाटायचं मोबाइलवर दिसणारा तो एक आकडा म्हणजे सगळ्या घाणीची सरासरी. तुम्ही पोळीचा तुकडा हातात धरून थांबलात. "समज, आठ पोट्ट्या पेपरले बसल्या. सात पास, एक नापास. आपन सरासरी काढतो. इथी सरासरी नाई. धूळ, धूर, ओझोन, सगळ्याइचे येगयेगळे मार्क काढतात, अन् जे सगळ्यात बिघडलं त्याचाच आकडा म्हंजे शहराचा आकडा. म्हनून कशामुळे ते लिहा लागते. नुसता आकडा सांगून काय उपेग?"

मग म्हणालात, सकाळी दिसतो तो आकडा बहुतेक मागच्या चोवीस तासांचा असतो. "तो कालचा निरोप हाय. आपल्या पोट्ट्या तं आज दुपारी खेळनार." म्हणून तुमचा सगळा जीव दुपारच्या ओझोनवर. तो कुठल्याच चिमणीतून निघत नाही, गाड्यांच्या नि कोळशाच्या धुरावर ऊन पडलं की हवेतच शिजतो, आणि दिसत नाही. धूर दिसतो म्हणून लोक धुराला भितात. तुम्ही मात्र एप्रिलमधलं स्वच्छ निळं आभाळ पाहून कपाळाला आठ्या घालायचात. एकदा सातवीतली एक मुलगी गोंधळून विचारायला आली, की पुस्तकात ओझोन चांगला लिहिलाय आणि फाटकावर वाईट. तुम्ही तिला म्हणालात, "इस्तव चुलीत बरा, पदरात नाई. हा वर आभाळात हाय तं आपल्याले कडक उन्हापासून वाचवते. खाली नाकात गेला तं छाती जाळते." ती मुलगी हे वाक्य परीक्षेत जसंच्या तसं लिहून आली होती, आणि तुम्ही पूर्ण मार्क दिलेत.

अंदाज तुम्ही कसे काढायचात हे मी शेजारी बसून पाहिलंय. शहरातल्या यंत्रांचे कालच्या दुपारचे आकडे मोबाइलवर बघायचे, उद्याचं ऊन आणि ढग बघायचे, मग अंगणात उभं राहून वारा कुठून येतो ते. सरकारी अंदाज असला तर तोही वाचायचात, पण त्यावर आपला निकाल वेगळा. दुपारी बाराला परत फळ्यापाशी यायचं, आभाळ बदललं असेल तर अंदाजही बदलायचा. मी एकदा विचारलं, एवढं कशासाठी? मला वाटलं, घरात कोणाला दमा असेल, काही दुःख असेल. तुम्ही म्हणालात, "उद्या काय होनार ते आज सांगाची मजा येते मले. बस."

आपली भांडणंही या मजेतूनच व्हायची. 'समाधानकारक' या शब्दावरून आपण एक अख्खा उन्हाळा भांडलो. मी म्हणायची, सरकारनंच श्रेणी पाडल्यात, चांगली, समाधानकारक, मध्यम, मग वाईट, अतिशय वाईट, गंभीर. समाधानकारक म्हणजे खेळायला हरकत नाही. तुम्ही म्हणायचात, "समाधान कोनाचं? तुझं का एखाद्या दमेवाल्या पोट्टीचं?" मी चिडायची. माझ्याकडे येणाऱ्या मुली जिवती, कोरपना, पार गडचिरोलीच्या बाजूच्या. मैदान सुटलं की त्यांचं काय होतं ते मला दिसायचं. घरी बसायचं, मग लग्न. मी तुम्हाला स्पष्ट म्हणाले होते, "बाई, तुमच्या फळ्यानं घाबरून एक जरी मुलगी खेळ सोडून गेली, तर तिचं आयुष्य घरात गुदमरेल. त्याचा आकडा कोण लिहिणार?" दुसऱ्या दिवशी म्हणालात, "तुहं बरोबर हाय. पन मी खेळू नोका म्हनत नाई. कव्हा खेळायचं ते सांगतो."

मोहर्लीचं भांडण तर अर्धवटच राहिलं. मी मुलींची सहल तिकडे नेली होती, जंगलाच्या फाटकाशी उभं राहून तुम्हाला फोन केला. "बाई, घ्या, शुद्ध हवा! इथं तुमचा ओझोन नाही." पलीकडून तुम्ही, "कोन मोजला?" मी म्हटलं, झाडंच झाडं आहेत. तुम्ही म्हणालात, शहरातला धूर वाऱ्यानं तिकडं जाऊ शकतो, ऊन तर तिकडंही आहे, कधी कधी ओझोन शहरापेक्षा बाहेरच जास्त भरतो. "जास्त हाय असं म्हनत नाई मी. मोजलं नाई तं माहीत नाई, येवढंच." मी फोन ठेवला. आल्यावर म्हणाले, तुम्ही माणसाला कशाचा आनंद घेऊ देत नाही. तुम्ही खूप हसलात आणि म्हणालात, रिटायर झाल्यावर एक छोटं यंत्र घेऊन मोहर्लीला आठ दिवस राहायला जाऊ, तू वाघ पाहा, मी हवा पाहतो. तुम्ही गेलात तेव्हा रिटायर व्हायला सात महिने उरले होते.

आता पायलबद्दल. हे मी इतके दिवस टाळलं.

दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. सकाळची शाळा, त्यामुळे मैदान दुपारपर्यंत मोकळं नाही. सराव साडेतीनला. विभागीय निवड आठ दिवसांवर. पायल नववीत होती, जिवतीकडची, इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिच्यासारखी पाठलाग करणारी मुलगी मी दुसरी पाहिली नाही. खांबाला वळसा घालताना ती जमिनीला इतकी झुकायची की वाटायचं आता पडली, आणि पडायची मात्र तिच्यापुढची.

त्या दिवशी सकाळी तुमचा फळा होता: दुपारी ढग. ओझोन कमी राहील. आणि मला आनंद झाला, कारण त्याआधीचे तीन दिवस तुमच्या 'वाढेल'मुळे मी सराव अर्ध्यावर आणला होता. होय, मी ऐकायला लागले होते. तुम्हाला दाखवत नसे, पण ऐकत होते. त्या दिवशी तुम्हाला पेपर तपासायला दुसऱ्या शाळेत जायचं होतं. आठला तुम्ही निघून गेलात. बाराला फळा बदलायला कोणी नव्हतं.

दुपारी ढग आले नाहीत. वारा पडलेला, ऊन असं की खांबाला हात लावता येईना. मी मुलींना पळवलं. साडेचारच्या सुमारास पायल खांबाशी वळली आणि तिथंच गुडघ्यावर बसली. मला वाटलं घसरली. जवळ गेले तर तिचे खांदे वर जात होते आणि श्वास आत जात नव्हता. ओठांचा रंग बदलला होता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाफेचं मशीन लावलं, इंजेक्शन दिलं. डॉक्टर म्हणाले, हिला दमा आहे, कोणी सांगितलं नाही का? अजून उशीर केला असता तर कठीण होतं.

कोणी सांगितलं नाही का.

सांगितलं होतं, बाई. सकाळी प्रार्थनेआधी नळापाशी पायल माझ्याकडे आली होती. म्हणाली, "मॅडम, छाती भरल्यावानी वाटून राह्यली. रातीपासून." मी म्हटलं, "निवड जवळ आली की सगळ्यांनाच तसं होतं. पाणी पी. दुपारपर्यंत बरी होशील." आणि दुपारी मला आभाळ दिसत होतं. ढग नसले की काय होतं हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलेलं. मी मान वर करून आभाळ पाहिलं, आणि मनात म्हटलं, फळ्यावर 'कमी' लिहिलंय. मला जे हवं होतं तेच फळ्यावर होतं, म्हणून मी ते मानलं.

संध्याकाळी तुम्ही धावत दवाखान्यात आलात. पायल झोपली होती. मी बाहेर बाकावर होते. तुम्ही मला विचारलंत, "कशी झाली?" आणि मी म्हणाले, "तुमच्या फळ्याच्या भरोशावर खेळवलं, बाई." हे शब्द मी उच्चारले. तुम्ही आत गेलात आणि तिच्या उशाशी बसलात. मी बस पकडून भद्रावतीला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी गर्दी होती. तुम्ही फळाभर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: काल दुपारचा माझा अंदाज चुकला. ढग आले नाहीत. बारा वाजता फळा बदलण्याची व्यवस्था मी केली नव्हती. एका मुलीला त्रास झाला. ती आता बरी आहे. खाली तुमचं नाव.

मुख्याध्यापक म्हणाले, पुसा, पालक बोंबा मारतील. तुम्ही म्हणालात, "बरोबर निघालेला अंदाज दिवसभर राह्यते सर. चुकलेलाई राह्यल." मी तिथंच उभी होते. माझ्या हातात शिटी होती, ती मी उगाच पुसत होते.

दुपारी पायलची आई आली, मैनाबाई. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालेली, पायात धड चप्पल नाही. कोणीतरी तिला फळा वाचून दाखवला. ती सगळ्यांसमोर तुमच्यापुढं येऊन उभी राहिली. "तुमच्या फळ्यापायी माही पोट्टी मेली असती."

"हो बाई," तुम्ही म्हणालात.

एवढंच. मी वाट पाहत होते की तुम्ही काही कारण सांगाल, मला विचाराल, माझ्याकडे पाहाल. तुम्ही पाहिलं नाहीत.

पंधरा दिवसांनी आपण दोघी त्यांच्या गावी गेलो. पायलची दम्याची औषधं, ती इनहेलरची नळी कशी धरायची, श्वास किती वेळ रोखायचा हे तिच्या आईला दाखवायला. तुम्ही अंगणात उभ्या राहून तीनदा करून दाखवलंत. मैनाबाईनं मला खाट सरकवली, पाणी आणलं. तुम्हाला बस म्हटलं नाही. तुमच्याच मुलखातलं गाव, बाई, तिथली माणसं तुम्हाला पिढ्यांपासून ओळखणारी. तुम्ही उन्हात उभ्या होतात आणि मी खाटेवर बसून पाणी प्यायले. परतीच्या गाडीत मी खरं सांगायला दोनदा तोंड उघडलं. तुम्ही खिडकीतून मोहाच्या झाडांखाली फुलं वेचण्यासाठी पाला जाळल्याचा धूर पाहत होतात. मी विषय बदलावा म्हणून म्हटलं, हेही फळ्यावर लिहा. तुम्ही म्हणालात, "मोठमोठ्या चिमण्यावाल्याइले आपन काही सांगू शकलो नाई. अन् मोहफूल येचनाऱ्या बाईले सांगू?"

त्यानंतर तुम्हीच म्हणालात की उन्हाळ्यात सराव पहाटे घे, शाळा भरायच्या आधी. मी म्हटलं, भद्रावतीहून पहिली गाडी येईतो उजाडून जातं. तुम्ही म्हणालात, "तं मंग माह्या घरी राह्य." दोन उन्हाळे मी आठवड्यातले चार दिवस तुमच्या घरी राहिले. तुमच्या त्या मागच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत. साडेचारला तुम्ही चहा ठेवायचात, पावणेपाचला आपण दोघी मैदानाकडे चालत निघायचो. मुली वसतिगृहाच्या दारात उभ्या असायच्या, पायल सगळ्यात पुढं. थंडी पडली की तुम्ही पुन्हा वेळ बदलायला लावलीत. पहाटे धूर-धूळ खाली बसून राहते, आता दुपारीच बरं. मुली म्हणायच्या, आपलं वेळापत्रक ऋतू बघून चालतं. गेल्या वर्षी पायल विभागावरून पुढं गेली तेव्हा तुम्ही पेढे वाटलेत, पण तिच्या गावी ते माझ्याच हाती पाठवलेत.

त्या सकाळच्या चहाला तुम्ही एकदा मला विचारलं होतं. असंच, कपात साखर ढवळता ढवळता. "अर्चना, तुले मले काही सांगाचं हाय का?"

"नाही बाई. काय?"

"काही नाई. बरं."

पुन्हा कधी विचारलं नाहीत.

शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले, मीही बोलले. तुमची चिकाटी, तुमचा डबा, तुमचं हसणं. पायल शेवटच्या रांगेत बसली होती, आता अकरावीत आहे. माझं भाषण संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती आणि संपल्यावर उठून गेली. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातून कळलं, ती गावी गेली, परत कधी येणार सांगितलं नाही.

रविवारी मी जिवतीची गाडी पकडली. मोहाचे दिवस. मैनाबाईच्या अंगणात फुलं वाळत घातलेली, गोडसर वास. तिनं "जय सेवा मॅडम" म्हणत हात जोडले आणि खाट सरकवली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. नळापाशी पायल काय म्हणाली होती, मी काय म्हणाले होते, आभाळ दिसत असून मी कसं खेळवलं. दवाखान्याच्या बाकावर तुम्हाला काय बोलले तेही.

पायल दारात उभी होती. ती म्हणाली, "बाईले मालूम होतं, मॅडम."

मला कळेना.

"दवाखान्यात मीच सांगितलं होतं त्याइले. तुमी गेल्यावर. मी म्हनलं, तुमी काऊन कोनाले सांगत नाई? तं बाई म्हने, माहा अंदाज चुकला हे खरं हाय, ते मी लिहीन. मॅडमची चूक मॅडमची हाय. ते तिनं सांगावं. माह्या हातानं कशी लिहू? अन् मले म्हने, तू बी बोलू नोको. मॅडम आत्ताच कुठी ऐकाले लागली हाय. आता सगळे तिच्यावर धावले तं ते परत कोनाचंच ऐकनार नाई."

बाई, मी दोन वर्षं समजत होते की मी तुमच्यापासून काहीतरी लपवलंय. तुम्हाला रोज सकाळी माहीत होतं. माझा चहा गाळताना माहीत होतं. ज्या बाईनं खोटं बोलून तुम्हाला अंगणात उन्हात उभं केलं, तिला तुम्ही अंथरूण घालून दिलंत, आणि एका शब्दानं, एका नजरेनं ते तिच्या अंगावर येऊ दिलं नाहीत. एकदाच दार किलकिलं करून पाहिलंत. मी ते ओढून घेतलं.

मैनाबाई फुलं उलटीपालटी करत होती. मला वाटलं, आता ती मला बोलेल, आणि तिनं बोलावं अशी माझी इच्छा होती. ती म्हणाली, "दोन सालं मी त्या बाईले शिव्या देल्या मॅडम. माह्या दारात आली तं बस नाई म्हनलं. तुमी सांगून मोकळ्या झाल्या. मी कोनाले सांगू?"

शेवटची गाडी यायची वेळ झाली तेव्हा पायल मला रस्त्यापर्यंत सोडायला आली.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी लेखी खुलासा मागितला, तो दिला. पालकसभेत उभी राहून सांगितलं. दोघींच्या पालकांनी मुली खो-खोतून काढल्या, एकीच्या वडिलांनी मला बरंच सुनावलं, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. स्टाफरूममध्ये काही जणी अजून माझ्याशी तुटक वागतात. तुमच्या वाट्याला हे सगळं दोन वर्षांपूर्वी आलं होतं, तेही दुसऱ्याच्या वाट्याचं. तुम्ही एवढं सरळ मानेनं ते कसं पेललंत, हे मला आता विचारायचं आहे आणि विचारायला तुम्ही नाहीत. मी तुम्हाला हुशार समजत होते, हट्टी समजत होते. धीराच्या किती होतात, ते कळायला मला स्वतः त्या फाटकात उभं राहावं लागलं.

नंतरच्या गुरुवारी पायल वसतिगृहात परत आली. आईनं पाठवली. फोनवर मैनाबाई मला एवढंच म्हणाली, "रोज सकाळी तिले इचारा, छाती कशी हाय. अन् ते खेळाले नाई म्हनली तं नाई."

मी रोज सगळ्यांनाच विचारते. खेळाच्या आधी रांगेत, एकेकीला. सुरुवातीला मुली लाजायच्या, आता सांगतात.

काल जिल्ह्याची निवड चाचणी होती, शाळाशाळांच्या सामन्यांवरून. सकाळीच होती, आभाळ स्वच्छ, ओझोनची वेळ नव्हे. यंत्राचा आकडा मी पाहिला होता, समाधानकारक. पायलपाशी आले, विचारलं. तिनं क्षणभर दुसरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज जड हाय मॅडम." तिच्याशिवाय आमचा संघ अर्धा आहे हे तिला माहीत होतं, मलाही. मी तिला सावलीत बसवलं, औषध घ्यायला लावलं आणि यादीतून नाव काढलं. निवड करणारे म्हणाले, आकडा तर चांगला आहे. मी म्हटलं, आकडा शहराचा आहे, छाती तिची आहे. आम्ही हरलो. पायलचं यंदाचं वर्ष गेलं. तासाभरानं तिचा श्वास मोकळा झाला तेव्हा ती रडली, आणि मी तिला गप्प राहा म्हटलं नाही.

दुपारी मी मैनाबाईला फोन केला. सांगितलं की आज तुमच्या मुलीला खेळवलं नाही, म्हणून तिची निवड झाली नाही. मग ती म्हणाली, "बरं केलं."